तुम्ही या हद्दीत राहू नये

नगरचा भुईकोट किल्ला म्हटला की नेहरूंची खोली आणि तिथे लिहिलेला ग्रंथ आठवतो. ज्या नियमाच्या जोरावर त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तिथे बसवून ठेवले होते, त्याची आठवण सहसा कुणी काढत नाही. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली आणि आगगाडीने मंडळी नगरला आणली गेली. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे एकूण बारा जण किल्ल्यात राहिले. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदतही नाही. कुठे ठेवले आहे हे सुरुवातीला घरच्यांनाही कळवलेले नव्हते. एप्रिल 1943 मध्ये आझादांची पत्नी कलकत्त्याला वारली. ती आजारी असताना तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर लगेच पोचवतो. आझादांनी विनंती केली नाही.

ही सारी नजरकैद युद्धकाळातल्या ‘भारत संरक्षण नियमां’खालची होती. त्यांतला 26 वा नियम दुहेरी कामाचा होता. त्याखाली माणसाला कोंडून ठेवता येई, किंवा अमुक गावात पाऊल टाकू नकोस, तमुक जिल्ह्याबाहेर जाऊ नकोस, असेही बजावता येई. दोन्हींसाठी सरकारला पुरावा लागत नसे. सरकारची तशी ‘खात्री’ झाली की पुरे.

या खात्रीला पहिला धक्का दिला तो केशव तळपदे या मराठी माणसाने. त्याचे प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी 22 एप्रिल 1943 रोजी सांगितले की मूळ कायद्याने ज्याच्यावर सबळ संशय आहे अशालाच अडकवण्याची मुभा दिली आहे, नियमात मात्र सरकारची नुसती खात्री पुरेशी धरली आहे. म्हणजे नियम कायद्याच्या बाहेर गेला आहे, म्हणून तो रद्द. देशभर हजारो लोक याच नियमाखाली अडकलेले होते. आता दारे उघडतील असे कुणाला वाटले असेल, तर तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. 28 एप्रिलला व्हाइसरॉयने वटहुकूम काढला, मूळ कायदाच नियमाच्या मापाने रुंद करून घेतला आणि आधीचे आदेशही पक्के करून टाकले. कोर्टाने फट दाखवायची आणि सरकारने ती बुजवायची, हा खेळ पुढे स्वतंत्र भारतातही चालू राहिला.

त्याच वर्षी, किल्ल्यातली मंडळी किल्ल्यात असताना, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नागपूरचे एक डॉक्टर सामील झाले. नारायण भास्कर खरे. जन्म पनवेलचा, वैद्यकीचे शिक्षण लाहोरला, कर्मभूमी नागपूर. 1926 साली त्यांनीच ‘तरुण भारत’ काढला. 1937 मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे काँग्रेसचे पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा हीच उपाधी होती), आणि वर्षभरातच सहकाऱ्यांशी बिनसून, पटेल व कार्यकारिणी यांचा रोष ओढवून बाहेर पडले. त्या भांडणाची कडवट चव त्यांच्या तोंडातून कधी गेली नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांच्याकडे खाते होते परदेशस्थ हिंदी लोकांचे. दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाने कुठे राहायचे, कुठे जमीन घ्यायची यावर तिथल्या गोऱ्या सरकारने बंधने आणली होती. तीच बंधने उलट दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांवर हिंदुस्थानात लादता यावीत, असा कायदा खऱ्यांच्या खात्याने पुढे रेटला. माणसाला विशिष्ट हद्दीत राहू न देणे म्हणजे काय, याची त्यांना चांगली जाण होती म्हणायची.

सात वर्षांनी फासे उलटे पडले. किल्ल्यातले पटेल गृहमंत्री झाले होते. 26 जानेवारी 1950 ला घटना अमलात आली आणि बरोबर महिन्याने, 26 फेब्रुवारीला, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा. तो मांडण्याआधी दोन रात्री झोप लागली नाही, असे पटेलांनी संसदेत सांगितले. ते खरे असणारच. तीन वर्षे बिनखटल्याची कैद भोगलेला माणूस तो कायदा मांडत होता. तरी कायदा एका दिवसात मंजूर झाला.

त्या मार्चमध्ये पूर्व बंगालातून हिंदू निर्वासितांचे लोंढे येत होते, कलकत्त्यात दंगे पेटले होते, आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान नेहरूंशी बोलायला दिल्लीला यायचे होते. खरे आता अखिल भारतीय हिंदू महासभेचे अध्यक्ष होते आणि त्यांची भाषणे सौम्य नव्हती. 31 मार्च 1950 रोजी दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना आदेश बजावला: ताबडतोब दिल्ली जिल्ह्याबाहेर जा, तीन महिने परतू नका. कारण लिहिले होते ते असे की महासभेचे अध्यक्ष म्हणून तुमच्या हालचाली दोन समाजांत द्वेष पसरवणाऱ्या आहेत आणि दिल्लीची सध्याची वस्ती आणि तणाव पाहता तुमचे इथे असणे शांततेला घातक आहे. शिवाय मध्य प्रदेश सरकारने वेगळा आदेश काढून त्यांना नागपुरातच राहायला सांगितले. हा दुसरा आदेश पुढे मागे घेतला गेला. 8 एप्रिलला नेहरू-लियाकत करार झाला तेव्हा खरे दिल्लीत नव्हते. सरकारला नेमके तेच हवे होते.

आदेशाला आधार होता तो ‘पूर्व पंजाब सार्वजनिक सुरक्षा कायदा, 1949’ याचा. फाळणीनंतरच्या पंजाबात केलेला हा कायदा दिल्लीलाही लावला होता. खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. नव्या घटनेच्या 19 व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला भारतभर मोकळेपणाने फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला होता. सरकारला त्यावर बंधने घालता येत, पण ती ‘वाजवी’ असावी लागत. हा वाजवीपणा कोण ठरवणार? संसद, की दंडाधिकारी, की न्यायालय? फिरण्याच्या हक्कापुरता हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर पहिल्यांदाच आला, आणि तो आणला तो एका कडव्या मराठी पुढाऱ्याने. हक्काचे खटले नेहमी सज्जन आणि लोकप्रिय माणसेच लढवतात असे नाही. ज्याच्या तोंडाला आवर घालावा असे बहुतेकांना वाटते, त्याच्याच प्रकरणात हक्काची खरी कसोटी लागते.

26 मे 1950 ला निकाल लागला. सरन्यायाधीश हरिलाल कणिया, फझल अली आणि पतंजली शास्त्री एका बाजूला. मेहरचंद महाजन आणि बिजनकुमार मुखर्जी दुसऱ्या. तीन विरुद्ध दोन, खरे हरले. पण बहुमताच्या निकालातही एक दार उघडे राहिले. कणियांनी सांगितले की बंधन वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासणार, आणि तपासताना बंधन किती आहे एवढेच न बघता ते घालण्याची रीतही बघणार. कायद्यात हद्दपारीची कारणे ‘कळवता येतील’ असे मोघम लिहिले होते. बहुमताने त्याचा अर्थ ‘कळवलीच पाहिजेत’ असा लावला आणि तेवढ्यावर कायदा तारून नेला. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाला तीन महिन्यांची मर्यादा होती, तीही त्यांना पुरेशी वाटली.

मुखर्जींना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे मला आजही जास्त सरळ वाटते. आणीबाणीच्या प्रसंगी अधिकाऱ्याच्या खात्रीवर विसंबावे लागते, हे त्यांनी मान्य केले. पण याच कायद्याने प्रांतिक सरकारला कितीही काळासाठी माणसाला हाकलण्याची मुभा दिली होती, आणि हाकललेल्याला आपली बाजू मांडायला जागाच ठेवली नव्हती. मुदत नाही, सुनावणी नाही; मग वाजवीपणा उरला कुठे?

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आणखी दोन निकाल दिले. डाव्यांचे ‘क्रॉस रोड्स’ आणि उजव्यांचे ‘ऑर्गनायझर’, दोन्ही साप्ताहिके सरकारविरुद्ध जिंकली. ‘ऑर्गनायझर’वर लादलेली पूर्वतपासणी तर याच पूर्व पंजाब कायद्याखालची होती. एकाच कायद्याचे छपाई अडवणारे कलम पडले आणि माणूस अडवणारे टिकले. फिरण्याच्या हक्काला न्यायालयाने लिहिण्याच्या हक्कापेक्षा एक पायरी खाली बसवले, असा याचा अर्थ काढला तर तो फारसा चुकीचा ठरणार नाही. खऱ्यांच्या आदेशाची मुदत त्या दिवशी महिनाभरच उरली होती. पुढे ते लोकसभेत गेले आणि 1957 मध्ये राष्ट्रपतींच्या निवडणुकीवरून पुन्हा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढले. स्वभाव गेला नाही.

खऱ्यांना न्यायालयाचे दार ठोठावता आले. ज्यांना ते शक्य नव्हते, त्यांची हद्द किती आखडलेली होती हे नगर जिल्ह्यातल्या पारध्यांच्या म्हाताऱ्या पिढीला वेगळे सांगावे लागले नसते. ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याखाली नोंद झालेल्या माणसाला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, राहते ठिकाण कळवावे लागे, बाहेर जायचे तर परवाना काढावा लागे. इथे कुणाच्याही वर्तनाबद्दल कुणाची खात्री होण्याची गरजच नव्हती. जन्म पुरेसा होता. मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशभर 31 ऑगस्ट 1952 ला. तो कोणत्याही न्यायालयाने पाडलेला नाही, विधिमंडळांनी मागे घेतला. गावच्या चौकीवरची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

मुंबईत तडीपारीचा कायदा तर घटनेपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांनी जुना. 1902 च्या मुंबई शहर पोलीस कायद्याने आयुक्ताला ‘या शहरातून चालते व्हा’ म्हणण्याचा अधिकार दिला होता. 1951 मध्ये गुरबचन सिंग नावाच्या माणसाला बृहन्मुंबई सोडून मूळ गावी, अमृतसरला जायला सांगितले गेले. त्याची तक्रार होती की माझ्याविरुद्ध कुणी जबाब दिले ते मला सांगत नाहीत, उलटतपासणी करू देत नाहीत. 7 मे 1952 रोजी त्याची याचिका फेटाळली गेली, आणि निकाल लिहिला होता खऱ्यांच्या खटल्यात विरोधी मत देणाऱ्या मुखर्जींनीच. यात विसंगती नव्हती. मुंबईच्या कायद्यात मुदत होती, नोटीस होती, म्हणणे मांडायची संधी होती. नव्हती ती साक्षीदारांची नावे. दादाविरुद्ध उघड साक्ष द्यायला शेजारी धजत नाहीत, म्हणून तर तडीपारी असते, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला.

हाच कायदा 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याच्या रूपाने सगळ्या राज्याला लागू झाला आणि आजही, महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने, चालू आहे. कलम 55 टोळ्यांसाठी, 56 ज्याच्या वागण्याने लोक धास्तावले आहेत अशासाठी, 57 आधी शिक्षा झालेल्यासाठी. जास्तीत जास्त मुदत दोन वर्षे. 1956 मध्ये हरी खेमू गवळी यांच्या खटल्यात कलम 57 घटनेच्या कसोटीला लागले आणि टिकले. न्यायमूर्ती जगन्नाथदास तेवढे वेगळे पडले.

नागपूरकडचा कायदा मात्र टिकला नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1946 चा ‘गुंडा कायदा’ 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. निकाल लिहिला साताऱ्याच्या प्रल्हाद गजेंद्रगडकरांनी. गुंड कोण, हे ठरवायला कायद्यात धड कसोटीच नव्हती. ज्याला दंडाधिकारी गुंड म्हणेल तो गुंड. आणि आपण गुंड नाही हे दाखवायची संधीही कायदा धडपणे देत नव्हता. गुरबचन सिंगच्या आणि या निकालात फरक पडला तो एवढ्यावरच.

मग डिसेंबर 1972 मध्ये पंढरीनाथ श्रीधर रांगणेकर यांच्या खटल्यात पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मुंबईच्या कायद्याची चौकट पक्की केली. नोटिशीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप आले की बस. तारीख-वार तपशील दिला तर साक्षीदार उघडे पडतील. या निकालाने पोलिसांचे काम फारच सोपे झाले. पुढची कित्येक वर्षे तडीपारीच्या नोटिशी एकाच छापातल्या निघत राहिल्या: ‘तुमच्या दहशतीमुळे लोक तक्रार द्यायला पुढे येत नाहीत.’ नाव बदलले की मजकूर पुढच्या माणसाला लागू.

वाऱ्याची दिशा बदलली ती पासपोर्टमुळे. परदेशी जायला पासपोर्ट द्यायचा की नाही, हे साठच्या दशकापर्यंत निव्वळ सरकारच्या मर्जीवर होते. त्यासाठी कायदाच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने जेठवानी यांच्या प्रकरणात ही मर्जी अमान्य केली, तर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने उलट मत दिले. शेवटी 10 एप्रिल 1967 ला सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी तीन विरुद्ध दोन बहुमताने परदेशप्रवासाला व्यक्तिस्वातंत्र्यात जागा दिली आणि सरकारला त्याच उन्हाळ्यात घाईघाईने पासपोर्ट कायदा करावा लागला. त्याच कायद्याखाली जुलै 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला. त्यांनी कारण विचारले, तर उत्तर आले की कारण न सांगणे हेही सार्वजनिक हिताचेच आहे. 25 जानेवारी 1978 च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की स्वातंत्र्य काढून घेणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, आणि माणसाचे ऐकून घेणे हा तिचा भाग आहे. त्या सात जणांत चंद्रचूडही होते. मुखर्जींनी 1950 मध्ये अल्पमतात राहून मांडलेले म्हणणे अठ्ठावीस वर्षांनी मुख्य प्रवाहात आले.

तडीपारीच्या कज्ज्यांत त्याचा पहिला ठसठशीत पडसाद दिल्लीच्या प्रेमचंद ‘पानीवाला’च्या प्रकरणात उमटला. सिनेमागृहाजवळ पाणी विकणारा हा गृहस्थ पोलिसांचा कायमचा पंच. त्याच्याच सांगण्यानुसार सुमारे 3000 खटल्यांत त्याने साक्ष दिली होती. एक दिवस त्याने नकार दिला, आणि लगेच त्याच्यावर तडीपारीची कारवाई सुरू झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती थांबवलीच, शिवाय अशा अधिकाराला खऱ्या धोक्याचा पुरावा हवा, नुसता संशय चालणार नाही, असे बजावले.

महाराष्ट्रातले अलीकडचे दोन निकाल याच ओळीत बसतात. अमरावतीत माहितीच्या अधिकाराखाली सरकारी अनुदानाच्या गैरवापराबद्दल अर्जांवर अर्ज करणाऱ्या एका नागरिकाला वर्षभरासाठी तडीपार केले होते. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जालन्याच्या प्रकरणात डिसेंबर 2020 मध्ये थेट कमाल मुदतीची, दोन वर्षांची तडीपारी झाली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने याचिका फेटाळली होती. 28 जानेवारी 2022 रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांनी आदेश मोडीत काढला. न्यायमूर्ती ओक मुंबई उच्च न्यायालयात वाढलेले. हे कागद त्यांच्या नजरेखालून शेकड्यांनी गेले असणार. त्यांनी लिहिले की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे. तिने माणसाचे घर सुटते, कधी उपजीविकाही सुटते. जुनेपुराणे गुन्हे उकरून ती करता येणार नाही. आणि पूर्ण दोन वर्षे हाकलायचे असेल तर दोनच वर्षे का, हे आदेशात लिहावे लागेल.

नगर जिल्ह्याला हा निकाल थेट लागतो, कारण जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. इथे पोलीस आयुक्तालय नाही. ठाण्यातून प्रस्ताव निघतो, डीवायएसपी चौकशी करतात, आणि आदेशावर सही होते ती प्रांताधिकाऱ्यांची. टोळीचे प्रकरण असेल तर पोलीस अधीक्षकांची. गणपती आले, निवडणूक लागली, की या प्रस्तावांची चळत वाढते. जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, 17,048 चौरस किलोमीटरचा. नाशिक, ठाणे, पुणे, सोलापूर, धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर असे सात जिल्हे त्याला भिडलेले, आणि कायद्याने लगतच्या जिल्ह्यांतूनही हाकलता येते. जामखेडच्या माणसाला नगर आणि बीड दोन्ही बंद केले तर त्याचा बाजार, सोयरीक, ऊसतोडीचा मुकादम, सगळेच हद्दीपलीकडे जाते. गुन्हा जामखेडमधला असताना दुसरे जिल्हे कशाला जोडले, याचे उत्तर आदेशात नसेल तर उच्च न्यायालयात असे आदेश टिकत नाहीत.

पण तिथवर पोचायला वेळ लागतो. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करायचे, ते नाशिकला विभागीय आयुक्तांकडे. तिथे अपयश आले की वकील गाठून खंडपीठात याचिका. जालन्याच्या माणसाला न्याय मिळाला तोवर दोन वर्षांपैकी तेरा महिने सरले होते.